मांडी मावेल अशी खुर्ची

आमच्या वऱ्हाडात साठी उलटलेला माणूस खुर्चीवर दोन्ही पाय खाली सोडून फार वेळ बसत नाही. गप्पा रंगल्या की आधी एक पाय वर येतो, थोड्या वेळाने दुसरा, आणि अडत्याची पेढी असो की वकिलाचा दिवाणखाना, खुर्चीवर मांडी घातली जाते. जिच्यात मांडी मावत नाही ती खुर्ची आमच्या म्हाताऱ्यांच्या लेखी पाहुण्यांची. घरच्या माणसाने तिच्यात अवघडून कशाला बसायचं?

आमच्या अमरावतीच्या घरातली सागवानी खुर्ची मात्र घरच्या माणसाची. हातांच्या मधली रुंदी २६ इंच, बैठक वेताची, पाठ किंचित मागे कललेली, मागचे पाय आणि पाठीचे खांब एकाच अखंड लाकडातून काढलेले. खिळा एकही नाही. आबाजींनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, ती परतवाड्याच्या मिस्त्रीकडून करवून घेतली. कधी, ते आजीला सालात सांगता येत नसे. "तुह्या मोठ्या आत्याचं लगन झालं, त्या साली कापसाले भाव होता," एवढं तिचं पंचांग. त्या हिशेबाने १९५२-५३ धरायला हरकत नाही.

पुण्यात आर्किटेक्ट असलेल्या माझ्या पुतण्याने आता ती खुर्ची पुन्हा करायला घेतली आहे, आणि एकच नाही तर विकता येतील अशा बऱ्याच. टाळेबंदीत तो अमरावतीला अडकला होता आणि दिवसभर लॅपटॉप घेऊन हिच्यातच बसायचा. "काका, दिवसभर बसलो तरी पाठ कुरकुरत नाही. हिच्यात काहीतरी आहे," म्हणाला. ते काय आहे हे शोधायला त्याने टेप लावून मापं घेतली, कागदावर चढवली. मी म्हटलं, मापं चोख आहेत, पण ती आली कुठून ते आधी ऐक. मग घरातली आणि गावातली जी म्हातारी माणसं उरली होती त्यांच्याकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. काही गोष्टी माझ्याच कानात पडून होत्या.

आमच्याकडे खुर्ची कापसाच्या मागून आली. १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७मध्ये मुंबईची रेल्वे अकोला-बडनेरा करत नागपूरला पोचली. मग कचेऱ्या, कोर्टं, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, आणि प्रत्येक ठिकाणी टेबल आणि टेबलामागे खुर्ची. त्याआधीचं आमचं बसणं म्हणजे गादी-तक्क्या, बंगई, बाज, नाहीतर सारवलेली भुई. टेबल आलं म्हणून खुर्ची आली, असं थोरले काका म्हणत; बुडाचा विचार कोणी केलाच नव्हता.

थोरले काका अकोल्याला एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या सांगण्यात कचेरीतल्या खुर्च्यांची उतरंड असायची. साहेबाच्या खुर्चीला उंच पाठ, हात आणि वेत. अव्वल कारकुनाच्या खुर्चीला हात, पण पाठ बुटकी. बाकीच्या कारकुनांच्या खुर्च्यांना हातच नाहीत. शिपायाला स्टूल. अर्ज घेऊन आलेला शेतकरी उभा. काका अव्वल कारकून झाले तेव्हा बढतीचा कागद येण्याआधीच शिपायाने हाताची खुर्ची आणून ठेवली, आणि सगळी कचेरी काय ते समजली. "मला आधी हात फुटले, मग पगार वाढला," हे काका शेवटपर्यंत सांगत आणि दर वेळी तितकेच हसत. उत्तर हिंदुस्थानात तर इंग्रजांनी याचा रीतसर मानच करून ठेवला होता. 'कुर्सीनशीन' ठरलेल्या माणसाला साहेबाच्या भेटीत खुर्ची मिळायची, आणि तसं प्रमाणपत्र त्याच्याजवळ असायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक निवृत्त मास्तर हसले नाहीत. नव्वदीतले, कान गेलेले, आवाज खणखणीत. त्यांचे वडील १९२७च्या नोव्हेंबरात अमरावतीला इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या अस्पृश्य परिषदेला गावाहून पायी आले होते. अंबादेवीचं मंदिर खुलं व्हावं म्हणून तेव्हा चळवळ पेटली होती आणि परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडिलांनी घरी येऊन भाषणाआधी काय सांगितलं, तर आपला माणूस व्यासपीठावर मधल्या खुर्चीवर बसला होता आणि भोवतालचे खाली मान घालून ऐकत होते. पुढे मास्तर स्वतः दर्यापूरकडच्या एका खेड्यात शाळेवर रुजू झाले. शाळेत त्यांना हाताची खुर्ची होती. संध्याकाळी कामासाठी पाटलाच्या वाड्यावर गेलं की त्यांच्यासाठी ओसरीच्या खाली घोंगडं टाकलं जायचं. "सकायी खुर्ची, संध्याकायी घोंगडं. माणूस एकच," मास्तर म्हणाले, आणि पुतण्याच्या वहीतल्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोनाच्या घरची?" मी सांगितलं. "मंग ठीक हाय," एवढंच म्हणाले. ते 'ठीक' मी अजून चघळतो आहे. आबाजींच्या ओसरीवर कोण खुर्चीवर बसत होतं आणि कोण खाली, हे आजीने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

परतवाड्याला आबाजींच्या मिस्त्रीचा मुलगा भेटला. आता तोच पंचाहत्तरीचा, आणि सगळे त्यालाच मिस्त्री म्हणतात. खुर्ची टेम्पोत घालून नेली होती. तिला उलटी करून, बुडाखालून बोट फिरवून तो म्हणाला, "हे माह्या बापाचं काम हाय." ओळखलं कशावरून? पुढच्या पायाच्या कुसवाला त्याचे वडील एका बाजूने थोडी जास्त उतरण देत. कुसू खाचेत ठोकलं की ते तिरकं आवळून बसतं आणि माणूस मागे रेलला की सैल व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, लाकूड आकसतं. जुलैत तेच पाणी पिऊन फुगतं. वर्षाकाठी एवढी ओढाताण सोसायची तर सरसाच्या भरवशावर राहून चालत नाही.

रुंदीची गोष्टही त्यानेच सांगितली. आबाजी परतवाड्याला खुर्चीची ऑर्डर द्यायला गेले तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीने कचेरीच्या नमुन्याची खुर्ची दाखवली. आबाजी तिच्यात बसले, उठले, आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले. "याचं माप घे," म्हणाले. मिस्त्रीने दोन्ही गुडघ्यांशी कोळशाने खुणा केल्या, मधलं अंतर काठीने मोजलं आणि त्यात दोन बोटं वाढवली. ते झाले २६ इंच. तो फर्मा पुढे त्यांनी जपून ठेवला आणि अमरावती-अकोल्याच्या वकिलांना, डॉक्टरांना, सावकारांना त्याच रुंदीच्या खुर्च्या करून दिल्या. पुतण्या ज्याला 'ओरिजिनल डिझाइन' म्हणत होता ती मुळात इंग्रजी कचेरीच्या खुर्चीला एका वऱ्हाडी म्हाताऱ्याच्या गुडघ्यांनी केलेली दुरुस्ती होती. मला वाटतं, ती पुन्हा करायची तर दुरुस्ती करायचा हा स्वभाव उचलावा. रेषेबरहुकूम नक्कल काढून ठेवली तर ती दिवाणखान्यात पाहण्यापुरती उरेल.

हे मी पुतण्याला म्हटलं तेव्हा त्याने चंदीगडचं उदाहरण काढलं. १९५१मध्ये ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे चंदीगड उभारायला आला आणि १९६५पर्यंत तिथेच राहिला. इतका तिथला झाला की त्याच्या अस्थीही सुखना तलावात सोडल्या. नव्या राजधानीतल्या कचेऱ्यांना, कोर्टाला, विद्यापीठाला हजारो खुर्च्या-टेबलं हवी होती. त्याने आणि यूली चौधरींसारख्या सहकाऱ्यांनी साग, शिसव आणि वेत यांतून साधे, दणकट नमुने काढले. कंपासासारखे फाकवलेले ते पाय आता जगभर ओळखले जातात. नकाशे वेगवेगळ्या सुतारांकडे गेले, त्यामुळे एकाच खुर्चीची मापं कारखान्यागणिक थोडी वेगळी निघाली. कशावर विद्यापीठाचा पांढरा नंबर, कशावर कोर्टाचा. पुढे वेत फाटले, पाय डगमगले, आणि खात्यांनी त्या गच्चीवर, व्हरांड्यात ढीग लावून ठेवल्या. मग जळाऊ लाकडाच्या भावात लिलाव. युरोपातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी ढीगच्या ढीग उचलले, पॉलिश केले आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेक नग लाखोंना विकला. २०११मध्ये केंद्रीय गृहखात्याने विक्री आणि निर्यातीवर बंदी घातली तोवर बरंचसं गेलं होतं. आता बंगळुरूचं 'फॅन्टम हँड्स' त्या खुर्च्या नव्याने करतं, आणि इटलीच्या 'कासिना'नेही २०१९मध्ये जानरेला मानवंदना म्हणून आपली मालिका काढली.

पुतण्याचा मुद्दा असा की नव्याने करणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न हाच असतो: इतक्या मापांतली खरी कोणती? आणि उत्तर शेवटी कोणीतरी ठरवतंच. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत राहिलं. चंदीगडच्या खुर्चीला जानरेचं नाव होतं, म्हणून निदान भंगारातून कोणीतरी ती ओळखली. आमच्या वकिलांच्या वाड्यांतल्या २६ इंची खुर्च्यांना नाव नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, सोफासेट आले, आणि या माळ्यावर गेल्या. तिथून होळीत किंवा बंबाखाली. अकोल्यात शोधायला गेलो तर एका जुन्या घरात एक सापडली. तिचे हात कापून तिचं देवघराचं चौरंगवजा काहीतरी केलेलं होतं. देव मजेत होते.

आता उंचीचं. आजी त्या खुर्चीत कधी बसली नाही. आबाजी गेले, खुर्ची रिकामी झाली, तरीही नाही. आम्हा नातवंडांना वाटे, मान म्हणून बसत नसेल. माझ्या धाकट्या बहिणीने धीर करून विचारलं तेव्हा म्हणाली, "माहे पाय लोंबतात तिच्यावर. बसाले भुईच बरी." बैठक जमिनीपासून १८ इंच. बूट घालून टेबलाशी बसणाऱ्या साहेबाच्या गुडघ्यांना ते माप ठीक. पाच फुटांच्या आत उंची असलेल्या बाईची टाच भुईला लागत नाही आणि मांडीखाली कड रुतते. आबाजींनी रुंदीला हात घातला, उंचीला घातला नाही, कारण मांडी घालणाऱ्याला उंचीशी देणंघेणं नसतं. घरात मांडी घालून खुर्चीवर बसायची मुभा कोणाला होती, हे यात आपोआप आलंच.

डेन्मार्कचा हान्स वेग्नर हा खुर्च्यांचा बादशहा मानला जातो. १९४९मध्ये त्याने काढलेली, इंग्रजी वाय अक्षरासारखी पाठ असलेली खुर्ची १९५०पासून आजतागायत बनते. तिची बैठक ४३ सेंटिमीटरवर होती, ती काही वर्षांपूर्वी कंपनीने ४५वर नेली, कारण माणसं उंच झाली. पुतण्याने हे सांगितलं आणि मग स्वतःच थांबला. आपल्याकडे उलटं करायला हवं, म्हणाला. आमची १८ इंचांची म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या जवळपास, डॅनिश लोकांच्या वाढवलेल्या मापाहूनही किंचित उंच. त्याच डेन्मार्कात १९४७मध्ये बोर्गे मोगेन्सनने ग्राहकांच्या सहकारी संस्थेसाठी एक साधी खुर्ची काढली होती, कागदाच्या दोरीने विणलेल्या बैठकीची, सामान्य घराला परवडेल अशी. सहकाराच्या नावाने आपण कापूस पिंजला, सूत कातलं, साखर काढली; खुर्ची काढायचं कोणाला सुचलं नाही. असो.

लाकडाचा प्रश्न खरा अवघड. मेळघाटातला साग कोरड्या, खडकाळ उतारांवर सावकाश वाढतो, म्हणून रेषा घट्ट, पण फार जाड आणि सरळ सोट मिळत नाही. त्यासाठी आलापल्लीकडे जायचं. २०२३मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग गेला तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या आगारातून, आणि त्याची मिरवणूक निघाली. परतवाड्याचा तोरा वेगळा होता. म्हाताऱ्या मिस्त्रीच्या काळी कोरकू मजुरांनी तोडलेला माल बैलगाड्यांनी खाली यायचा, सरकारी आगारात त्याचे ढीग लागायचे, लाकडावर हातोड्याचा शिक्का बसायचा, आणि मिस्त्री लिलावाच्या आदल्या दिवशी जाऊन ओंडक्यांची टोकं पाण्याने पुसून रेषा पाहून यायचे. १९७४मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला. १९९६च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि देशभरच्या तोडीवर आणि आरागिरण्यांवर टाच आली. जंगल वाचायला हवं होतं, यात मला शंका नाही. मिस्त्रीलाही नाही, पण तो म्हणतो, आदेश दिल्लीत निघाला तेव्हा रंधा माझ्या हातात होता.

आता मिळतं ते बहुतेक शेताच्या बांधावर लावलेलं. त्यातली एक फळी मिस्त्रीने आम्हाला उन्हात धरून दाखवली. मध्ये बोटभर तपकिरी गाभा, दोन्ही कडांना पांढरं. सागाला वाळवी लागत नाही ती गाभ्यातल्या तेलामुळे. पांढरीत ते तेल नसतं, तिला कीड पहिली लागते. "वीस वर्साचं झाड म्हंजे पोट्टं हाय, भाऊ. त्याले काय संसाराले लावता?" मिस्त्री म्हणाला. तेव्हा वाट एकच उरली: पडक्या वाड्यांचं लाकूड. अचलपूर, कारंजा, बाळापूरकडे जुने वाडे पडताहेत आणि त्यांच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या घनफुटाने विकल्या जातात. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड. आकसायचं ते केव्हाच आकसून झालेलं. पण आत जुने खिळे मोडून राहिलेले असतात, त्यांवर करवतीचं पातं जातं. सागात मुळातच बारीक वाळूसारखं काहीतरी असतं, त्याने हत्याराची धार पटकन मरते. वर हे खिळे. मिस्त्रीचा नातू लोहचुंबक बांधलेली काठी घेऊन प्रत्येक तुळईवरून फिरवतो. मोबाइल दुसऱ्या हातात असतो, पण खिळा सुटत नाही.

वेताचं काम मात्र मी जवळून पाहिलेलं आहे. आमच्या खुर्चीचा वेत लहानपणी एकदा बदलला तो अंध शाळेत शिकलेल्या एका गृहस्थांनी. अंध मुलांना वेतकाम शिकवायची पद्धत तेव्हा सगळीकडे होती. ते ओसरीत पाय पसरून बसले, चौकटीच्या कडेची भोकं अंगठ्याने मोजत गेले. पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या आधी उभ्या ओढल्या, मग त्यांवर आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या पण आता खालीवर गुंफून, आणि शेवटी दोन्ही तिरप्या. तिरपी पट्टी भोकातून कोणत्या बाजूने सरकली पाहिजे हे बोटाला कळतं, डोळ्याला उशिरा कळतं, असं ते म्हणाले होते. चुकीच्या बाजूने गेली तर वेत वेताला घासतो आणि वर्षभरात तुटतो. उन्हाळ्यात आबाजी संध्याकाळी खुर्ची उलटी करून वेताला खालच्या अंगाने ओल्या फडक्याने पुसत. वरचं अंग गुळगुळीत असतं, पाणी पीत नाही. खालचं पितं, आणि सैल पडलेली जाळी सकाळपर्यंत ताणून बसते. रेक्झिन आणि फोमच्या खुर्चीवर अकोल्याच्या मे महिन्यात ज्याने दुपार काढली आहे त्याला वेत कशासाठी, हे सांगावं लागत नाही. बाजारात मशीनवर विणलेल्या वेतजाळीचा रोल मिळतो, तो खाचेत दाबून बसवला की काम तासाभरात होतं. पुतण्याने तो लावून पाहायचं म्हटलं. पण रोलची एक पट्टी तुटली की सगळं पान बदलावं लागतं, आणि हाताने विणलेल्यात तेवढीच एक पट्टी ओवता येते. किमतीत फरक मोठा पडतो. शेवटी बैठकीला हाताचा वेत आणि पाठीला रोल, असा तह झाला. मला तो फारसा पटलेला नाही, पण विकायची जबाबदारी माझी नाही.

रुंदी २६ इंचच राहणार, यावर कोणाचं दुमत नव्हतं. पुतण्याची बायकोही लॅपटॉपसमोर मांडी घालूनच बसते. उंची दोन प्रकारची: एक १६ इंच, एक १८. पहिल्या नमुन्याच्या दोन्ही खुर्च्या १६च्या झाल्या. माझी बहीण त्यातल्या एकीवर बसली, टाच टेकवून पाहिली आणि म्हणाली, ही मी नेते. पैसे द्यावे लागतील हे पुतण्याने तिला हळूच सांगितलं.

अडलं आहे ते हातांवर. आजच्या टेबलांखाली खुर्ची सारायची तर हात आड येतात. हात तीन इंच उतरवावेत, किंवा काढता-घालता यावेत, असं पुतण्याचं म्हणणं. मिस्त्री म्हणतो, पुढचा पाय आणि मागचा खांब यांना हातच धरून ठेवतो. तो काढला तर दोन उन्हाळ्यांत खुर्ची डुलायला लागेल. पुतण्या म्हणतो, खालून आडवी पट्टी देऊ. मिस्त्री म्हणतो, मग पाय कुठे घेशील? पुतण्या म्हणतो, पितळी बोल्ट लावू, दिसणारही नाही. बोल्टचं नाव निघालं की मिस्त्री नातवाला चहा आणायला पाठवतो आणि आम्हाला विचारतो, कापूस काय भावाने गेला.